मुत्यालवलसची दुसरी फेरी

गाडी वेळेवर लागली, डबाही चटकन सापडला, पण एकोणतीस नंबरच्या बर्थवर एक कुटुंब आधीच डबे सोडून दहीभात खात बसले होते. मधुकरराव सेलूकरांनी त्यांना आपले तिकीट दाखवले. कुटुंबप्रमुखाने हात पुसले, तिकीट नीट वाचले, उलटून पाहिले आणि फार अदबीने परत केले.

"सर, ये कल का है," तो म्हणाला.

तिकीट खरोखरच कालचे होते. मधुकरराव वळकटी आणि सुटकेस घेऊन खाली उतरले आणि सिकंदराबाद स्टेशनच्या फलाटावर उभे राहिले. त्यांच्यादेखत गाडी विशाखापट्टणमला निघून गेली.

यात दोष अमावस्येचा होता. मधुकररावांनी महिनाभर आधी आरक्षण केले, तेव्हा तारीख बरोबर होती. मग पत्नी रजनीबाईंनी पंचांग पाहिले आणि सर्वपित्री अमावस्येला घराबाहेर पाऊल टाकायचे नाही असे सांगितले. मधुकररावांनी ते मानले. एक दिवस उशिरा, घटस्थापनेला निघायचे ठरवले, आणि तसे पत्र मंडळाच्या सर्व सभासदांना स्वतःच्या अक्षरात लिहून धाडले. सरकारी कचेरीत एकतीस वर्षे काढलेला माणूस तो. कागदावर लिहिले की काम झाले, अशी त्यांच्या हाताला सवय होती. तिकीट बदलायला जायचे तेवढे राहिले.

आता सरळ घरी परत जावे, तर बरकतपुरा काही लांब नव्हता. रिक्षाने वीस मिनिटे. पण मधुकरराव मराठी मंडळाचे एकोणीस वर्षे चिटणीस होते, आणि त्यांची ख्याती तारखांसाठी होती. मागल्याच महिन्यात मकरंद नावाचा एक तरुण सभासद गणेशोत्सवाच्या सभेला चुकीच्या दिवशी आला, तेव्हा मधुकररावांनी पुढच्या सभेत वेळेच्या शिस्तीवर पाऊण तास भाषण केले होते. शिवाय मंडळाचे अध्यक्ष प्रतापराव त्यांना स्टेशनवर सोडायला स्वतःची नवी कोरी गाडी घेऊन मलकपेठहून आले होते. मोठे कंत्राटदार, मूळचे नांदेडकडचे शेतकरी, मोकळ्या मनाचे आणि मोकळ्या आवाजाचे. त्यांनी स्टेशनबाहेर मधुकररावांच्या गळ्यात झेंडूचा हार घालून चार हमालांना टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. हार अजून गळ्यात होता.

मधुकररावांनी तो काढून सुटकेसमध्ये ठेवला आणि खिडकीवर चौकशी केली. दसऱ्याच्या सुट्ट्या, दोन आठवडे बर्थ नाही. पाठोपाठच्या पॅसेंजरला आरक्षणाशिवायच्या डब्यात चढून पाहिले. एक पाय आत गेला, वळकटी गेली नाही, आणि वळकटीमागून पायही बाहेर आला.

काम मोठे होते म्हणून लाज मोठी होती. मंडळाला पंचवीस वर्षे होत होती. त्यानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेत आंध्रातल्या मराठी वस्त्यांवर लेख यायचे होते. विशाखापट्टणमच्या एका टोकाला, समुद्राला चिकटून, मुत्यालवलस नावाचे उपनगर आहे. तिथे साठ वर्षांपूर्वी रेल्वेच्या कामाला आलेली बारा मराठी घरे राहतात, एवढेच कुणीतरी ऐकले होते. तिथे जाऊन पाहून लिहायचे काम मधुकररावांनी मागून घेतले. कारण त्यांनी कुणाला सांगितले नव्हते. त्रेपन्न वर्षांच्या आयुष्यात त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता. सागर म्हणून त्यांच्या वाट्याला आला होता तो हुसेनसागर.

लेख चार दिवसांनी छापखान्यात जायचा होता. मधुकररावांनी चार दिवस कुठेतरी काढायचे आणि मग लेख न झाल्याला खोकल्याचे काहीतरी कारण सांगायचे असे ठरवले, आणि स्टेशनसमोरच्या गल्लीत एका लॉजवर खोली घेतली.

लॉजच्या गल्ल्यावर सत्तरीचे एक वाळलेले गृहस्थ बसले होते. त्यांनी रजिस्टरमधला पत्ता वाचला आणि चष्म्यावरून मधुकररावांकडे पाहिले. बरकतपुऱ्याचा माणूस सिकंदराबादच्या लॉजवर राहायला येतो, याचा त्यांनी एकच अर्थ लावला.

"बायकोशी बोलणं बंद झालंय वाटतं," ते शुद्ध मराठीत म्हणाले. "होतं असं. चार दिवसांत निवळतं. मी आबासाहेब. इथं मॅनेजर आहे. आम्ही मुत्यालवलसचे."

मधुकररावांच्या हातून सुटकेस खाली पडली.

पुढचे तीन दिवस दोघांना दुसरे काम नव्हते. दुपारच्या गाड्या जाऊन लॉज शांत झाला की आबासाहेब चहा मागवत आणि बोलायला लागत. आमच्या मुत्यालवलसला असा लॉजच नाही, ते म्हणत. त्रिवेणीबाई चालूच देणार नाहीत. दीपस्तंभाच्या पायथ्याशी त्यांचं घर. पाहुणा आला की तीन रात्री त्यांच्या मधल्या खोलीत झोपल्याशिवाय सुटत नाही. समुद्रापासून शंभर पावलांवर विहीर, आणि पाणी साखरेसारखं. बारा घरांचा एकच गणपती, तो कोळ्यांच्या होडीतून खोल पाण्यात नेतात, कोळीच आरती म्हणतात, आणि ती मराठीतच म्हणतात. वर्ध्याहून लग्न होऊन आलेली पद्मावती नावाची सून समुद्राच्या आवाजाला भिऊन तीन दिवस घरातून बाहेर पडली नाही, आणि चौथ्या दिवशी कोळणींना पुरणपोळी शिकवायला बसली. वेणी केवढी, तर पाटावर बसली की जमिनीला लागते.

मधुकरराव सगळे लिहून घेत होते. दोन रांगांतली घरे, मराठी बोलताना नावापुढे 'गारू' लावायची तिथली आदराची पद्धत, वाळत घातलेल्या मासळीचा वास. फक्त एक प्रश्न या काटेकोर माणसाने विचारला नाही, की आबासाहेब मुत्यालवलसहून निघाले केव्हा. आबासाहेब सगळे 'आहे' म्हणूनच सांगत होते, आणि मधुकररावांनीही ते 'आहे' म्हणूनच उतरवले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिवळ्या पाटीच्या बूथवरून शेजारच्या मेधाताईंकडे फोन केला. रजनीबाई धावत आल्या. आवाज इतका जवळून येतोय, जसे काही सिकंदराबादहूनच बोलताय, असे त्या म्हणाल्या. हल्ली नवीन यंत्रे आली आहेत, असे मधुकररावांनी सांगितले. ते साल चौऱ्याण्णव होते आणि रोज काहीतरी नवीन येतच होते, त्यामुळे रजनीबाईंना ते पटले. येताना शंखशिंपले आणा, त्या म्हणाल्या. मधुकररावांनी ते जनरल बाजारातून घासाघीस करून आणले.

खोकल्याचे कारण सांगायची वेळच आली नाही. लेख लिहून झाला, बारा पाने भरली. त्यांनी जन्मभर फक्त सभेची इतिवृत्ते लिहिली होती, पण हा लेख वेगळा उतरला. न पाहिलेल्या समुद्राची ओढ त्यात कुठेतरी शिरली असावी. दिवाळीला स्मरणिका निघाली तेव्हा मंडळात दुसऱ्या कशावर बोलणे झालेच नाही. प्रतापरावांनी तो लेख माईकवरून वाचून दाखवला आणि विसर्जनाच्या परिच्छेदाला स्वतःच गहिवरले. नंतर त्यांनी स्मरणिकेच्या दहा प्रती मुत्यालवलसला पाठवून दिल्या. मधुकररावांना हे कळले तेव्हा प्रती पोचल्या होत्या.

पंधरा दिवस ते पोस्टमनला घाबरून होते. मग पत्र आले. खाली थरथरत्या अक्षरात त्रिवेणीबाईंची सही होती. संक्रांतीला साऱ्या मंडळाने मुत्यालवलसला यावे असे आमंत्रण होते, आणि शेवटी लिहिले होते, 'आपण पुन्हा यावे, अशी सर्वांची इच्छा आहे.'

मधुकररावांनी 'पुन्हा' हा शब्द चार वेळा वाचला. लिहिताना चूक झाली असेल, किंवा टोमणा असेल. तिसरी शक्यता त्यांना सुचेना.

प्रतापरावांनी एका आठवड्यात चाळीस माणसे जमवली, त्यांत रजनीबाईही होत्या. प्रतापरावांना स्वतःला समुद्रही पाहायचा होता आणि जमीनही. किनाऱ्यालगत झिंग्यांची तळी करून माल परदेशी धाडायचे वेड तेव्हा सगळीकडे पसरले होते, आणि प्रतापरावांचा पुतण्या हर्षवर्धन त्या वेडात होता. आता सगळं खुलं झालंय, असे प्रतापराव दर वाक्याला म्हणत. मधुकररावांनी रक्तदाबाचे निमित्त सांगून पाहिले. प्रतापरावांनी यात्रेत एक डॉक्टर घेतला. कचेरीतल्या ऑडिटचे सांगितले. प्रतापरावांची कुणाशी तरी ओळख निघाली आणि ऑडिट पुढे गेले.

शेवटी एका रविवारी मधुकरराव सगळे खरे सांगून टाकायचे म्हणून मलकपेठला गेले. प्रतापरावांनी त्यांना बसवले, चहा दिला आणि तोंड उघडायच्या आत समोर तिकिटांचा गठ्ठा ठेवला.

"तेवढ्या तारखा तपासून घ्या," ते म्हणाले. "तारखेच्या बाबतीत तुमच्याबिगर कुणावर भरोसा नाही बघा."

मधुकररावांनी एक्केचाळीस तिकिटे तपासली आणि परत आले.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी बस मुत्यालवलसच्या वळणावर आली आणि उजव्या हाताला समुद्र दिसला. सगळी बस त्या बाजूला कलली. मधुकररावही उठणार होते, पण शेजारून कुणीतरी म्हणाले की तुम्हाला काय त्याचं नवल, तुम्ही जागा द्या. एवढ्यात सगळ्यांचे डोळे, लेखात लिहिल्याबरहुकूम समुद्र आहे की नाही ते विचारायला, त्यांच्याकडे वळले. त्यामुळे ते नवल नसल्यासारखे स्वतःच्या बुटांकडे पाहत राहिले.

दीपस्तंभ जागेवर होता, याचे त्यांना मोठे हायसे वाटले. त्याच्या खाली तीस-चाळीस माणसे हार घेऊन उभी होती. पुढे काठी टेकून एक पांढऱ्या केसांच्या, एकाहत्तर वर्षांच्या बाई होत्या. लेखात त्रिवेणीबाई 'चाळिशी नुकतीच ओलांडलेल्या' होत्या.

"फारच ओलांडली की हो," प्रतापराव कानाशी पुटपुटले.

बाईंनी मधुकररावांना वरून खालपर्यंत पाहिले, शेजारी उभ्या असलेल्या बाईंना काहीतरी विचारले, आणि काठी उचलून सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाल्या, "या मधुकररावगारू. तीन महिन्यांत वाळलात हो."

शेजारच्या बाई पुढे झाल्या. सत्तेचाळीस वर्षांच्या, प्रशस्त, केसांचा छोटा अंबाडा, कडेवर नातू. "ओळखलं ना? मी पद्मावती," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळी अर्धी पोळी पानात टाकून उठलात. यंदा चालायचं नाही."

मधुकररावांनी नमस्कार केला.

संध्याकाळपर्यंत त्यांना एकेक गोष्ट कळत गेली. विहिरीच्या जागी टेलिफोनचे बूथ होते. प्रतापरावांनी विहीर कुठे म्हणून विचारले तेव्हा मधुकररावांच्या आधी पद्मावतीबाईच म्हणाल्या की गेल्याच महिन्यात बुजवली. बूथच्या पाटीचा रंग मात्र चांगला पाचसहा वर्षे उडत आला होता. बारा घरांची सात झाली होती. त्या सातांतही पूर्वेची रांग आणि पश्चिमेची रांग चौदा वर्षे एकमेकींशी बोलत नव्हत्या, आणि गणपती दोन बसत होते. मधुकररावांनी अगदी सहज विचारतो असे दाखवून आबासाहेबांची चौकशी केली. ते तर सदुसष्ट साली सिकंदराबादला गेले, असे एकाने सांगितले. मधुकररावांनी मनात वजाबाकी केली. बारा पानांत त्यांनी वर्णन केलेले मुत्यालवलस सत्तावीस वर्षांपूर्वीचे होते.

रात्रीच्या जेवणाआधी शाळेच्या पटांगणात सत्कार झाला. पूर्वेची रांग आणि पश्चिमेची रांग एकाच सतरंजीवर बसली होती. मधुकररावांना शाल पांघरली, नारळ दिला, आणि त्यांच्यापुढे अभिप्रायाची वही ठेवली. वहीत कुणीतरी सुंदर अक्षरात आधीच लिहून ठेवले होते, 'भेट दुसरी.' खाली सही करायची होती.

सह्या करण्यात आयुष्य गेलेल्या मधुकररावांना ती सही करवेना. तारीख चुकणे वेगळे आणि जाणूनबुजून खोट्या नोंदीखाली नाव घालणे वेगळे. त्यांनी पेन बंद केले, उठून माईकजवळ गेले आणि दोन वाक्यांत बोलले.

"मी मुत्यालवलसला यापूर्वी कधीही आलो नव्हतो. आज पहिल्यांदा आलो."

बसल्या जागेवरून त्रिवेणीबाईंचा आवाज आला.

"मग आमच्या मधल्या खोलीत तीन रात्री घोरत होतं ते कोण?"

सगळे खदखदून हसले. सर्वांत मोठ्याने चिटणिसांबरोबर कधीतरी प्रवास केलेले मंडळाचे सभासद हसले, कारण मधुकरराव घोरतात हे खरे होते. पण पद्मावतीबाई हसत नव्हत्या. त्यांनी नातवाला खाली ठेवले.

"म्हणजे मी खोटं बोलते का?" त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. "माझी वेणी लिहिलीत, माझी पोळी लिहिलीत, ते सगळं न बघताच?"

प्रतापराव आता उठून उभे राहिले होते. ते माईकवर हात ठेवून म्हणाले की, मधुकरराव, थट्टेची काही हद्द असते. त्या माउलीच्या घरचं अन्न खाल्लंय तुम्ही. माफी मागा.

मधुकररावांनी मान खाली घातली. मी आलो होतो, ते म्हणाले. पोळी अर्धी टाकली, त्याची क्षमा असावी. टाळ्या पडल्या. त्यावर पूर्वेच्या रांगेतले एक गृहस्थ उठले आणि म्हणाले की, आला होतात तर आमच्या रांगेत पाऊलसुद्धा टाकलं नाहीत, हे आम्हाला लागलं. मधुकररावांनी त्यांचीही माफी मागितली आणि वहीत सही केली.

जेवणे झाल्यावर त्रिवेणीबाईंनी त्यांना हाताने खूण करून जवळ बसवून घेतले.

"माझी नजर अजून शाबूत आहे," त्या हळूच म्हणाल्या. "घरात कोण झोपलं आणि कोण नाही, ते मला कळतं. पण तुमचा लेख वाचला आणि या लोकांना लाज वाटली. एकच गणपती म्हणून छापून आलंय, आणि बसवतो दोन. आज चौदा वर्षांनी एका सतरंजीवर बसलेत. तुम्ही आलाच नव्हता म्हटलं, तर लेख खोटा ठरतो. मग उद्या हे परत उठतील."

मधुकररावांनी विचारले, "आणि पद्मावतीबाई?"

"तिला वीस वर्षांची म्हणून कुणी लिहिलंय अलीकडे?" त्रिवेणीबाई म्हणाल्या. "तिला आता सगळं खरंच आठवतं. तुम्ही कुठल्या पाटावर बसला होतात तेसुद्धा."

पहाटे मधुकररावांनी रजनीबाईंना उठवले आणि कुणी जागे व्हायच्या आत दोघे वाळूवर गेली. चालता चालता त्यांनी सगळे सांगितले: तिकीट, लॉज, आबासाहेब, शंखशिंपले. एकतीस वर्षांच्या संसारात ते इतके सलग कधी बोलले नव्हते. कालच्या पटांगणासारखी हीसुद्धा हसेल, असे त्यांना वाटत होते.

रजनीबाई हसल्या नाहीत. त्यांनी चपला काढून हातात घेतल्या.

"म्हणजे खरंच नव्हता पाहिला?"

"नाही."

"आणि काल बसमध्ये?"

"काल बूट पाहिले."

रजनीबाई म्हणाल्या, "तर मग पहिल्यांदा बघताय तसं बघा की. आत्ता इथं कुणी नाही."

मधुकररावांनी बूट काढले, मोजे घडी करून बुटांत ठेवले आणि मान वर केली. सवयीने त्यांनी पलीकडचा काठ शोधला. तो नव्हता. डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले, आणि पुन्हा समोर पाहिले, तरी काठ कुठेच नव्हता. पाणी पायाशी आले, घोट्यावरून गेले आणि जाताना टाचेखालची वाळू घेऊन गेले. मधुकरराव झोक गेला म्हणून रजनीबाईंच्या दंडाला धरून उभे राहिले. लेखात त्यांनी समुद्राला 'अथांग' लिहिले होते. त्या शब्दाची त्यांना आता लाज वाटली. तोंड उघडे राहिले आहे हे त्यांच्या लक्षात आले, पण त्यांनी ते मिटले नाही.

एवढ्यात मागून आवाज आले. प्रतापराव बाकीची सगळी माणसे आणि गळ्यात कॅमेरा घेऊन वाळू तुडवत येत होते. पाण्याच्या कडेला सगळ्यांना एका ओळीत उभे करायची त्यांची घाई चालली होती, आणि बरोबर मधल्या जागेवर मधुकरराव पाठमोरे उभे होते.

"मधुकरराव, तुमचा तर बघून झालाय," प्रतापराव म्हणाले. "जरा बाजूला सरका. आम्हालाही बघू द्या."

मधुकररावांनी बूट उचलले आणि ते बाजूला सरकले.